पाद्रीचं गवत

पाद्रीने तोंड फिरवलं. आंतोनने टोपली पुन्हा त्याच्या पुढ्यात सरकवली. पाद्रीने तिच्यात नाक घातलं, एकदाच हवा आत ओढली, आणि मान उचलून तो भिंतीकडे बघत उभा राहिला. भिंतीत बघण्यासारखं काही नव्हतं, चिरेच होते. पाद्री म्हणजे घोडा. सगळं अंग काळं आणि मानेभोवती पांढरा पट्टा, म्हणून आंतोनच्या बायकोने, बर्नादेतने, त्याला ते नाव दिलं होतं, आणि देवळातले खरे पाद्री घरी आले की तिला घोड्याला हाक मारताना सांभाळावं लागायचं. एकदा विसरली. विगार, म्हणजे चर्चचे मुख्य पाद्री, ओसरीवर चहा घेत बसले होते आणि ती परसातून ओरडली, "पाद्रीन परत दारात मुतून ठेवल्यान!" विगारांनी कप खाली ठेवला आणि आपल्या झग्याकडे बघितलं. आंतोनला ते आठवलं आणि हसू आलं नाही. त्याने टोपली उचलली, गवत उकिरड्यावर नेऊन ओतलं. तिसरी टोपली. बुधवारपासून तिसरी. हाताला आंबूस वास लागला होता, तो त्याने लेंग्याला पुसला.

नोव्हेंबरात बर्नादेत गेली. त्यानंतर तीनेक महिने आंतोन घोड्याला सुकंच गवत टाकत होता. पेंढी सोडायची, टाकायची, झालं. मग घोडा खोकायला लागला. आधी सकाळी दोनदा, मग दिवसभर, मान खाली घालून, पोट आत ओढून. गुरांचे डॉक्टर सर्वेश यांना फोन केला तर ते म्हणाले, "काका, मावशी भिजवून द्यायच्या ना गवत? तसंच द्या. सुक्याची धूळ चालत नाही त्याला." तसंच द्या. सांगायला काय जातं. बुधवारपासून आंतोन भिजवून देत होता आणि बुधवारपासून पाद्री खात नव्हता. मूठभर कोंडा, दोन गाजरं, एवढ्यावर होता. फासळ्या मोजता येत होत्या. सँड्रीना, मुलगी, मडगावला नोकरीला. तिने सावंतवाडीला एक माणूस बघून ठेवला होता, त्याच्याकडे मोकळं रान होतं, ओला चारा होता. ती फोनवर म्हणाली, "शनवार सांजपर्यंत खाल्ल्यान तर ऱ्हांवदे, पप्पा. नायतर आयतवारी टेम्पो येतलो. तेचे हाल करून तुका काय गावतला?" आंतोन हो म्हणाला. सँड्रीनाशी तो हल्ली घोड्याबद्दलच बोलायचा. बोलणं दुसरीकडे, आईकडे, गोव्याच्या इस्पितळातल्या त्या दिवसांकडे वळायला लागलं की कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवायचा. आज शुक्रवार होता. टेम्पो आला आणि घोडा गेला, तर सकाळी उठून काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. पण त्याहून जास्त त्याला दुसरंच खुपत होतं. जे काम तिने नऊ वर्षं केलं ते आपल्याला तीन दिवस जमू नये.

कारण भिजवण्याबद्दल आंतोनला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्याचा जन्म त्यातच गेला. त्याच्या बापाचा काथ्याचा धंदा होता, मग त्याचा झाला, आणि सात वर्षांपूर्वी बंद पडला. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात पुरायची, वर माडाच्या झावळ्या, म्हणजे चुडतं, वर दगड, आणि सहा महिने हात लावायचा नाही. सोडण जितकं भिजेल तितकं कुजतं, जितकं कुजेल तितका धागा सुटतो. घाई करणाऱ्याचा काथ्या तुटतो. हे त्याने वीस-पंचवीस बायकांना शिकवलं होतं, त्यांच्यावर ओरडला होता, लवकर उपसलेली सोडणं परत पुरायला लावली होती. झाप विणायची चुडतंसुद्धा तो आठवडाभर खाडीत ठेवायचा. म्हणून सर्वेश डॉक्टर म्हणाले भिजवून द्या, तेव्हा त्याने किती वेळ हे विचारलंच नाही. निळा प्लास्टिकचा ड्रम उभा चिरून अर्धा केलेला होता, बर्नादेतचाच. त्यात पेंढ्या सोडून, मोकळ्या करून, दाबून भरल्या, पाणी ओतलं, वर चिरा ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. पाणी चहासारखं झालं होतं. गवत मऊ झालं होतं, हातात धरलं की लोंबत होतं. त्याला बरं वाटलं होतं ते बघून. काम नीट झालं होतं.

आणि घोडा भिंतीकडे बघत होता.

घरातून गोठ्यापर्यंत वीस पावलं. ओसरीवरच्या खुर्चीत बसलं की गोठ्याचं दार समोर, आणि त्याच्या पलीकडे माड, मग खाडी. नऊ वर्षं तो या खुर्चीत पेपर वाचत बसला होता आणि नऊ वर्षं समोर ती गवत भिजवत होती. आता डोळे मिटून आठवायला गेलं की तिची पाठ दिसे. विटलेला गाऊन, त्यावर कमरेला गुंडाळलेला टॉवेल. पाण्याचा आवाज येई. तिच्या हातात काय होतं ते दिसे, पण हात काय करत होते ते दिसेना. किती वेळ होतं ते पाण्यात? तो पेपरचं पहिलं पान वाचून शेवटच्या पानावर जाईपर्यंत? तेवढ्यात ती आत येऊन जेवणाला लागायची की परत बाहेर जायची? गवत ती उचलून लगेच टाकायची की कुठे ठेवायची? तो जितका जोर लावून आठवायचा तितकी ती पाठमोरीच राहायची. शेवटी शेवटी तर त्याला तिचा राग येई. एकदा तरी वळून सांगायचंस. एवढं बोलायचीस सगळ्या गावाशी, कोकमाच्या भावापासून कोणाच्या लग्नापर्यंत, आणि ही एक गोष्ट नाही सांगितलीस. मग त्याला वाटे, सांगितली असेल. दहादा सांगितली असेल. पेपरच्या पलीकडून.

घोडासुद्धा असाच आला होता, त्याला न विचारता. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारा एक जण हंगाम संपल्यावर निघून गेला आणि खोकणारा घोडा एका माडाला बांधून ठेवून गेला. दोन दिवस येणारेजाणारे बघत होते. तिसऱ्या दिवशी बर्नादेत त्याला दोरीने ओढत घरी घेऊन आली. आंतोन म्हणाला, "हेचां काय करतलंस?" ती म्हणाली, "खोकता तो." एवढंच. जसं काही खोकणाऱ्याला घरी आणायचं असतं हे सगळ्यांना माहीत होतं. धामापूरच्या परशुरामकडून तिने कातळावरचं गवत ठरवलं. तेव्हापासून दिवाळी झाली की परशुरामचा टेम्पो यायचा आणि माळा भरून जायचा. काही वर्षी पाऊस लांबायचा, गवत अर्धओलं कापलं जायचं, मग पेंढ्यांच्या पोटात पांढरं पडायचं. ती ते निवडून बाहेर काढायची. फेकायची नाही मात्र. झाडून, उन्हात टाकून, चांगलं तेवढं ठेवायची.

"काय ओ आंतोनभाव, घोडो काय म्हणता?" गडग्याच्या दगडी कुंपणापलीकडून शेजारची विमला ओरडली. ती आमसुलं करून विकते, तिचं अंगण कोकमाच्या सालांनी लाल असतं, आणि तिला सगळं दिसतं.

"खायना."

"शुक्रवार मा आज? तुमचे उपासाचे दिवस. पाद्री तो, पाळतलोच."

आंतोन वळून गोठ्याकडे चालायला लागला. विमला गडग्याशी आली. "रागावू नकात. वैनी ऊन पाणी घेई, माका दिसा कधी कधी वाफ येताना."

"रोज?"

"रोज मी बघूक येतंय? थंडीत असात."

त्याने पाणी तापवलं. पाद्रीने हुंगलं आणि मागच्या पायावर भार दिला. त्याने परशुरामला फोन केला. परशुराम म्हणाला, "वायच गूळ घाला."

"ती गूळ घाली?"

"ता माका काय म्हायत? मी गवत टाकून जातंय. पण गूळ घातल्यार कोणय खाता."

त्याने गूळ घातला. घोड्याआधी मुंग्या आल्या. सँड्रीनाला विचारलं तर ती म्हणाली ममा मीठ टाकायची, मग म्हणाली नाही, ते आपल्या माशांच्या पाण्यात, आणि मग ममा मासे कसे धुवायची ते सांगायला लागली, आणि आंतोन म्हणाला कुकरची शिट्टी झाली. दुपारी त्याने नवीन पेंढ्या सोडल्या, मोकळ्या केल्या, कमी वेळ ठेवायचं म्हणून दुपारी घालून संध्याकाळी काढल्या. तरी वास होताच. पाद्रीने दोन काड्या ओठांनी उचलल्या, तोंडात फिरवल्या आणि ओल्या गोळ्यासारख्या बाहेर टाकल्या, सावकाश, आंतोनच्या पायाजवळ. "खा रे मेल्या!" तो ओरडला. "ती घाली तां खाय होतंस मा? माझ्या हातांक काय झालां?" घोडा खोकला. चार वेळा, मान लांब करून. आंतोनने हात मागे घेतला. तो खोकला त्याच्या ओळखीचा होता. बर्नादेत असंच खोकायची, आधी एक लहान, चाचपून बघितल्यासारखा, मग तीन सलग, आणि मग ती कशाला तरी धरून उभी राहायची आणि कोणी बघितलं का ते बघायची. दोन वर्षं. देवळाच्या पायऱ्या चढताना मध्ये थांबायची आणि चपलेचा पट्टा नीट करत असल्याचं दाखवायची. त्याला वाटायचं, वय झालं. साठीला आलेली बाई आणि वर्षाला साडेसातशे पेंढ्या. नाही, असं त्याला वाटलं नव्हतं. पेंढ्यांचा विचार त्याच्या डोक्यात तेव्हा आलाच नव्हता.

शनिवारी दुपारी दोनच्या सुमाराला सर्वेश डॉक्टर स्कूटरवरून आले. आधी त्यांनी पाद्रीच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, हिरड्या बघितल्या. मग ड्रमापाशी जाऊन वाकले आणि पटकन सरळ झाले.

"काका, हे काय?"

"भिजवलं आहे." डॉक्टरांशी आंतोन पुस्तकी मराठी बोलायचा.

"कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून. कमी वेळ ठेवलेलंही खाईना, म्हणून परत घातलं."

"घोड्याला दारू पाजायचा विचार आहे काय?" ते हसले. आंतोन हसला नाही तेव्हा त्यांनीही हसू आवरलं. "या उकाड्यात दोन-तीन तासांत आंबतं हे. आणि एवढा वेळ ठेवलं की त्यातलं गोड सगळं पाण्यात उतरतं. हे पाणी बघा, त्याचं जेवण या पाण्यात आहे. त्याला राहिला चोथा. वीस मिनिटं. अर्धा तास म्हणजे डोक्यावरून पाणी. उचलायचं, कलत्या चिऱ्यावर निथळायचं, आणि खाली जमिनीवरच द्यायचं. मान खाली घालून खाल्लं की नाक मोकळं होतं. उरलं तर संध्याकाळी उचलून टाकायचं, सुकू द्यायचं नाही."

वीस मिनिटं. आंतोनला वाटलं कोणीतरी आपल्याला हसतंय. सहा महिने चिखलात पुरणाऱ्या माणसाला वीस मिनिटं.

"आणि पेंढी सोडायची नाही," डॉक्टर म्हणाले. "बांधलेलीच बुडवायची. सोडायची ती पाण्याखाली. थांबा, दाखवतो का ते." त्यांनी माळ्यावरून एक सुकी पेंढी ओढली, दारातल्या उन्हाच्या पट्ट्यात धरली आणि एकदाच झटकली. उन्हात पांढरा धूर उभा राहिला. तो खाली बसेना. "ही माती नव्हे. बुरशी. याच्यापायी खोकतो तो. माणसालाही तशीच लागते, वर्षानुवर्षं ओढली तर. आता तुम्हीच हाताळता, तेव्हा तोंडाला फडकं बांधा." ते पेंढी खाली ठेवत होते. मग सहज म्हणाले, "मावशींना शेवटी काय झालं होतं?"

"फुप्फुसांचं," आंतोन म्हणाला. सगळ्यांना तो हेच सांगायचा आणि ते तिथे संपायचं. धूर अजून उन्हात होता. गोव्याच्या इस्पितळात ती डॉक्टरीण अगदी तरुण होती, मराठी सावकाश बोलायची, एकेक शब्द शोधून. हातात कागद होता, कागदावरचं एकेक विचारत होती. घरात कबुतरं? कोंबड्या? कूलर? भिंतीला ओल? बर्नादेतच्या तोंडावर मास्क होता, म्हणून तिच्या वतीने आंतोन उत्तरं देत होता. नाही. नाही. नाही. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, बाजूच्या खाटेवरच्या माणसाचे नातेवाईक इंग्रजीत बोलत होते. मग तिने विचारलं, गोठा, पेंढा, ओलं गवत, यात काम करतात का या? आणि तो म्हणाला, "नाही. घरीच असते ती." ते खोटं बोलायचं असं त्याने ठरवलं नव्हतं. ते आपोआप आलं. थोडं लाजेपायी आलं, माझी बायको घोड्याचं शेण काढते हे त्या लोकांसमोर सांगायचं कसं. आणि थोडं म्हणजे, त्याला ते काम वाटतच नव्हतं. काम ते जे तो खाडीत करायचा. ती घरीच असायची, घोडा घरीच होता. मास्कच्या वरून बर्नादेतचे डोळे त्याच्याकडे वळले. मग तिने ते मिटले. तिचे हात मोकळे होते. उशीजवळ वही होती, त्या वहीत ती हवं ते लिहायची, चष्मा, पाणी, सँड्रीनाक फोन कर. त्या दिवशी तिने काही लिहिलं नाही. ऐकलं नव्हतं का? त्याची लाज राखली? की घोडा विकायला लावतील म्हणून गप्प राहिली? डॉक्टरीण पुढच्या ओळीवर गेली. अकरा दिवसांनी सगळं संपलं. हो म्हटलं असतं तर वेगळं औषध दिलं असतं का, तेव्हा उशीर झाला होता का, हे तो कोणालाच विचारू शकत नव्हता, कारण विचारायचं तर आधी ते सांगावं लागलं असतं.

"ती झाडायची हे गवत," तो म्हणाला. "नऊ वर्षं. सुकं. निवडून, झाडून, मग भिजवायची."

सर्वेश डॉक्टर वाकून घोड्याचा खूर बघत होते. खुराला काही झालं नव्हतं. "तिकडे सांगितलं होतंत?" त्यांनी खुराकडे बघतच विचारलं.

"नाही. विचारलं होतं त्यांनी. मी नाही म्हणालो."

डॉक्टरांनी खूर सोडला. हात झटकले. ते गुरांचे डॉक्टर होते, त्या उत्तराचं त्यांच्याकडे काही काम नव्हतं. त्यांनी नवीन पाणी घ्यायला लावलं, दोघांनी मिळून एक पेंढी बांधलेलीच बुडवली, वर चिरा ठेवला. वीस मिनिटं दोघे ड्रमाच्या दोन बाजूंना उभे राहिले. डॉक्टर आंब्याच्या मोहोराबद्दल थोडं बोलले. मग आंतोनने पाण्याखाली हात घालून गाठ सोडली, गवत उचललं, निथळलं आणि जमिनीवर टाकलं. पाद्रीने नाक लावलं, हवा आत ओढली. मान खालीच राहिली. मग दातांचा आवाज सुरू झाला.

इतकंच होतं. आंतोनला आनंद व्हायला हवा होता. डॉक्टर गेल्यावर तो गोठ्यात उभा राहून तो चावण्याचा आवाज ऐकत होता. वीस मिनिटं आणि एक गाठ. बांधलेलीच बुडवायची. हे एक वाक्य नऊ वर्षांपूर्वी कोणी म्हटलं असतं तर. डॉक्टरला त्याने विचारलं असतं तर. पेपर खाली ठेवला असता तर. कोपऱ्यात त्याने काल मोकळ्या करून ठेवलेल्या चार पेंढ्यांचं गवत पसरलं होतं, ते आता ना बांधता येत होतं ना तसंच ठेवता येत होतं. त्याने कवळा भरून ते बाहेर आणलं आणि झोडपायला लागला. माडाच्या बुंध्यावर, जोरजोरात, दात आवळून. फडकं बांधायचं त्याच्या लक्षात नव्हतं. खाडीकडून खारा वारा भरात होता आणि सगळी पांढरी धूळ उठून घराकडे चालली, ओसरीवर, उघड्या दारातून आत.

"ओ आंतोनभाव! येडे झालास काय?" विमला पदर नाकाला लावून गडग्यावर उभी होती. "ह्या वाऱ्याक खंय झाडतास? सगळां घरात गेलां! वैनी सकाळी झाडी, सातच्या आत, मतलय, जमनीवरसून खाडीकडे जाणारो वारो, आसा तवसर. सगळी धूळ खाडीर जाय. दुपारी कोणी सांगल्यार हात लावी नाय. माका म्हणा, तेंका लागात गो, ते हयसरच बसतत पेपर घेवन."

आंतोन थांबला. त्याच्या हातातलं गवत खाली पडलं. नऊ वर्षं त्याला चहा साडेआठला मिळायचा. त्याआधी कधी नाही. त्यावरून रोज नाही तरी आठवड्यातून दोनदा तो बोलायचा, घोड्याक पयलो, घोवाक मगे, आणि ती हसायची, गाऊनवरची धूळ झटकायची, दारातच, बाहेरच्या बाजूला तोंड करून. मग आत यायची.

तो ओसरीवर आला. खुर्चीवर धूळ होती, टेबलावर होती. फोन वाजत होता.

"खाल्ल्यान?" सँड्रीनाने विचारलं.

"खाल्ल्यान. सगळां खाल्ल्यान. टेम्पो नको म्हणान सांग तेंका."

"खरां?" ती मोठ्याने हसली, मग रडल्यासारखी थांबली. "पण तू? ती धूळ माणसाकय लागता म्हणतत. तुका लागाक नाय मा, पप्पा? तू खोकणस नाय मा?"

"नाय," आंतोन म्हणाला. त्याने श्वास आत घेऊन बघितला, छातीच्या तळापर्यंत. स्वच्छ आत गेला, स्वच्छ बाहेर आला. "माका कधीच लागाक नाय."

पलीकडे ती काहीतरी बोलत होती, बरां झालां, काळजी घे, तोंडाक कायतरी बांध. मग बोलायचं संपलं. कुकरची शिट्टी झाली असं तो म्हणेल म्हणून ती थांबली होती.

"सँड्रीना," तो म्हणाला, "फोन ठेव नको. गोव्याच्या त्या डॉक्टरणीन माका एक इचारल्यान होतां."